फौजेच्या कागदावर ‘गाव खेड’ लिहिलंय, पण नेमकं कुठलं खेड?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एका भाऊंचे पंजोबा ११० मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले आणि १९१६ ला तिकडेच वारले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत त्यांचं गाव ‘खेड, पूना’ दिसतंय, घरात मात्र सगळे सांगतात की आपण रत्नागिरीकडच्या खेडचे. पंजीच्या पेन्शनच्या कागदावर ‘भरती पुणे १९१३’ आहे आणि थोरले काका म्हणतात भरती चिपळूणला झाली, १९१२ च्या शिमग्यानंतर. वय एका ठिकाणी २२, दुसऱ्या ठिकाणी १९. भाऊंनी विचारलंय की यातलं खरं काय आणि खोटं कोण बोलतंय.

मी फौजेत क्लार्क म्हणून लागलो आणि निम्म्याहून जास्त नोकरी रेकॉर्ड ऑफिसात काढली. रिटायर झाल्यावर गेली बरीच वर्षं लोकांचे आजे-पणजे शोधून द्यायचा उद्योग करतोय, बायको म्हणते पेन्शन मिळते ती झेरॉक्समध्ये जाते. तर भाऊ, माझ्या मते यात कुणीच खोटं बोलत नाहीये. घोळ असा की आपण त्या रकान्याला जे विचारतोय ते तो रकाना सांगायला बसलेलाच नाही.

फौजेला तुमचे पंजोबा कुठे जन्मले याच्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. फौजेला तीनच गोष्टी हव्या होत्या. माणूस मेला तर खबर आणि पैसा कुठे पाठवायचा, पळून गेला तर पोलीस कुठल्या दारात पाठवायचे, आणि हा सांगतोय तो खरंच त्या गावचा आहे का हे मामलेदाराकडून कसं तपासून घ्यायचं. म्हणून शीट रोलवर, म्हणजे प्रत्येक शिपायाच्या नावाने ठेवलेल्या नोंदीच्या कागदावर, गाव, ठाणं, तहसील, जिल्हा, जवळचं पोस्ट, जवळचं रेल्वे स्टेशन असे रकाने असायचे. तो पत्ता आहे हो, जन्मस्थळ नाही. पुढे कुणीतरी इंग्रजीत यादी करताना त्याच रकान्याला जन्मगाव म्हणून टाकलं आणि आपण शंभर वर्षांनी त्यावर वाद घालतोय.

आणि जन्मस्थळच म्हणाल तर आपल्याकडे पहिलं बाळंतपण कुठे होतं? माहेरी. म्हणजे थोरला मुलगा जन्मला आजोळी, पण गाव विचारलं की सांगणार बापाचं, कारण घर, जमीन, देव, भाऊबंद सगळं तिथे. शिपायाने ‘गाव खेड’ सांगितलं तेव्हा तो अगदी खरं बोलत होता, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. माझ्या स्वतःच्या आजोबांचं तेच, कागदावर आमचं गाव आहे आणि जन्म झालेला पाटण खोऱ्यात मामाच्या घरी.

उलटंही होतं. बाप फौजेत असला की पोरं छावणीत जन्मायची. बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या, सगळ्यांना माहीत आहे. वडील रामजी सकपाळ फौजेत, म्हणून बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूला, पण मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यातही सकपाळ, आंबडवेकर आणि मग आंबेडकर असा आडनावाचा प्रवास. असा एखादा साधा शिपाई असता, ज्याच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही, तर एका कागदावर महू, दुसऱ्यावर आंबडवे, तिसऱ्यावर वेगळंच आडनाव, आणि आपण तीन वेगळी माणसं समजून बसलो असतो. मी असं झालेलं पाहिलंय, एका कुटुंबाने चार वर्षं दुसऱ्याच माणसाच्या फोटोला हार घातला.

आता तुमचं खेड. पुणे जिल्ह्यात खेड आहे, म्हणजे आजचं राजगुरुनगर, आणि रत्नागिरी जिल्ह्यात खेड आहे. दोन्ही तालुक्याची गावं, दोन्हीकडची माणसं मराठा पलटणीत. त्या काळी मराठ्यांच्या भरतीचं मुख्य ऑफिस पुण्याला, त्यामुळे पुण्याच्या क्लार्कने नुसतं ‘खेड’ ऐकलं किंवा वाचलं की त्याच्या डोक्यात येणार ते शेजारचं खेड. हे मी अंदाजाने बोलत नाहीये. एका केसमध्ये हाताने लिहिलेल्या मूळ चिठ्ठीवर फक्त ‘खेड’ होतं आणि पोस्टाच्या जागी शाईचा डाग, आणि टाइप केलेल्या यादीत पुढे जिल्हा आलेला. तो जिल्हा कुठून आला? टाइप करणाऱ्याच्या डोक्यातून. खानापूरचंही तेच, एक बेळगावचं आणि एक तेव्हाच्या साताऱ्यातलं म्हणजे आत्ताच्या सांगलीतलं, विट्याकडचं. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव, नांदगाव यांची तर मोजदादच नको, त्यात बुद्रुक-खुर्द इंग्रजीत लिहिताना हमखास गळतं. आणि कोकणात माणूस वाडीचं नाव सांगतो, वाडी महसुली दप्तरात गाव म्हणून नसतेच, मग नकाशावर गाव सापडत नाही म्हणून लोक म्हणतात नोंद बोगस आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या कारण कोकणातल्या निम्म्या केसेस इथे सुटतात. रेल्वे स्टेशनचा रकाना. कोकणात रेल्वे सलग सुरू झाली १९९८ ला. १९१२ मध्ये चिपळूण, खेड, संगमेश्वरकडच्या माणसाने जवळचं स्टेशन काय सांगायचं? चिपळूणवाला सांगणार कराड, कारण कुंभार्ली घाट चढला की कराडला गाडी मिळते. कुणी कोल्हापूर सांगायचं, कुणी सरळ मुंबई, कारण जायचं यायचं बोटीने, दाभोळ नाहीतर हर्णै बंदरावरून. पुढे कधीतरी यादी उतरवून घेणाऱ्याने गावाचा रकाना वाचता आला नाही म्हणून स्टेशनचाच रकाना गाव म्हणून उतरवला. मी एक शीट रोल हातात धरून पाहिलाय, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, त्यावर गाव होतं चिपळूण तालुक्यातलं, पोस्ट चिपळूण, स्टेशन कराड, आणि त्याच माणसाच्या मृत्यूच्या यादीत ‘कराड, सातारा’. घरचे बिचारे कराडला जाऊन तीनदा चौकशी करून आलेले.

जिल्ह्यांचं तर विचारूच नका. सातारा १९४९ ला उत्तर आणि दक्षिण असा फुटला, दक्षिण सातारा पुढे १९६० ला सांगली झाला. म्हणून जुन्या कागदावर वाळवा, तासगाव, शिराळा हे सगळं साताऱ्यात दिसणार, ते बरोबरच आहे. सिंधुदुर्ग १९८१ ला रत्नागिरीतून निघाला, कुलाब्याचं रायगड झालं. आणि मधे मधे संस्थानं, कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध, मिरज, यांची गावं इंग्रजी मुलखात अशी शिंपडलेली की एका ओढ्याच्या अलीकडे सातारा जिल्हा आणि पलीकडे औंध संस्थान. शिपाई सांगणार जवळचा मोठा गाव, क्लार्क लिहिणार त्याला माहीत असलेला जिल्हा. यशवंत घाडगे, ज्यांना १९४४ ला इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचाही जिल्हा तेव्हाच्या कागदात कुलाबाच, आज आपण माणगाव तालुका, रायगड म्हणतो. त्यांचं आडनावही रोमन अक्षरात वाचून कुणी घाडगे म्हणतं कुणी घाटगे कुणी गाडगे. एवढ्या मोठ्या माणसाचं हे, तर आपल्या पंजोबांचं काय. पवारचं पोवार, जाधवचं जादव नाहीतर जाधाव, कदम तर ओळखूच येत नाही अशा स्पेलिंगमध्ये मी पाहिलाय. म्हणून शोधताना एकाच स्पेलिंगवर हटून बसू नका, मोठ्याने इंग्रजी साहेबासारखं म्हणून बघा, हसू येईल पण काम होतं. आणि दत्तक गेलेला माणूस असेल तर बापाचं नाव पण बदलतं, घरात विचारा, असल्या गोष्टी लोक आपणहून सांगत नाहीत.

आता भरती. चिपळूण की पुणे, १९१२ की १९१३. माझ्या मते दोन्ही बरोबर असू शकतात आणि याचं कारण साधं आहे. भरती पार्टी फिरायची, पलटणीचेच दोन-चार लोक, सुट्टीवर आलेला हवालदार, बाजाराच्या दिवशी नाहीतर जत्रेत पोरं हेरायची. काकांच्या घरात जी आठवण राहिली ती त्या दिवसाची, कारण त्या दिवशी पोरगा घर सोडून गेला. शिमगा झाला, पालखी देवळात गेली आणि हा गेला, ही आठवण बायका विसरत नाहीत. मग ती पोरं चालत, बोटीने, गाडीने पुण्याला आणायची, डॉक्टर बघणार, छाती मोजणार, पास झाला की नाव लागणार. ते नाव लागणं ही एक तारीख. पण १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टप्रमाणे नाव लागणं वेगळं आणि शपथ देऊन अटेस्ट होणं वेगळं, रिक्रूट काही महिने घासला, लायक ठरला की मग कसम परेड. ही दुसरी तारीख. पुढच्या कागदांवर यातली कुठली उतरवली हे ज्याने उतरवलं त्यालाच माहीत, रकान्यावर दोन्हीकडे ‘भरती’च लिहिलेलं. तर शिमग्यानंतर निघालेला माणूस, एका वर्षात नाव लागलेला आणि दुसऱ्या वर्षात कसम खाल्लेला, याच्यात मला तरी काही विचित्र दिसत नाही. काकांचं एक वर्ष इकडे तिकडे झालं असेल तेही शक्य आहे, पण म्हणून कागद बरोबर आणि काका चूक असं ठरवू नका.

भरतीचं ठिकाण मुंबई दिसलं तर अजून गंमत. रत्नागिरी-साताऱ्याची अर्धी तरणी पोरं तेव्हा गिरणीत. संप, खाडे, प्लेग, काहीही कारण होऊन तिथूनच फौजेत गेलेली. म्हणून ठिकाण मुंबई आणि गाव राजापूर. एवढ्यावरून ‘आमचे आजोबा मुंबईकर’ लिहून मोकळे झालेले लोक आहेत.

नंबरचं लक्षात ठेवा. रेजिमेंटल नंबर तेव्हा पलटणीपुरता होता. ११० मधला १९८७ आणि ११६ मधला १९८७ ही दोन माणसं. एकाच माणसाची बदली झाली की नवा नंबर. आणि महायुद्धात बदल्या खूप झाल्या, कारण मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला साधारण १३,००० लोकांसकट शरण जावं लागलं. मग त्या पलटणी इकडे परत नव्याने उभ्या केल्या, दुसऱ्या पलटणींतून माणसं उचलून. म्हणजे १९१६ च्या शेवटी ‘११० मराठा’ लिहिलेला माणूस भरती झालेला ११४ ला असू शकतो. १९२२ ला तर सगळंच बदललं, १०३ ची झाली पहिली, ११० ची झाली तिसरी, सगळ्या मिळून ५ मराठा लाइट इन्फंट्री, ट्रेनिंग बेळगावला. त्यानंतर काढलेल्या कुठल्याही दाखल्यावर बेळगाव दिसणार, म्हणून भरती बेळगावला झाली असं होत नाही. हा गोंधळ मला आठवड्यातून एकदा तरी फोनवर समजवावा लागतो.

आणि तुमचे पंजोबा कूतमध्ये होते का ते बघा. १९१६ आणि ११० म्हणजे दाट शक्यता आहे. तसं असेल तर मृत्यूची तारीखही फार घट्ट धरू नका. कैदी झालेले शिपाई तुर्कांच्या ताब्यात वाळवंटातून चालवत नेले, रेल्वेच्या कामावर घातले, कोण कधी गेला हे परत आलेल्या सोबत्यांनी सांगितलं तेवढंच. बऱ्याच तारखा नंतर गृहीत धरून टाकलेल्या आहेत. बसराच्या स्मारकावर ४०,००० च्या वर लोकांची आठवण आहे, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर नाहीत, तिथे अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचा फक्त आकडा, नावं गेली रजिस्टरात. याबद्दल कमिशनने २०२१ ला अहवाल काढून माफीही मागितली. तेव्हा ज्यांना नावंच कोरायची नव्हती त्यांनी गावाचा तालुका तपासून घेतला असेल असं मला वाटत नाही. हे माझं मत, राग आहे थोडा, असू दे.

वय. २२ की १९? दोन्ही सोडा. खेड्यात जन्मदाखला कुणाकडे होता? डॉक्टर बघून ठरवायचा, मिसरूड, दात, छाती. लहान पोरगं वाढवून सांगायचं, मोठं माणूस कमी करून सांगायचं, आणि पार्टीच्या हवालदाराला माणसं मोजून दाखवायची असल्याने तोही मान हलवायचा. शीट रोलवर जे आहे ते दिसणारं वय. त्यावरून मागे मोजून जन्मसाल काढाल तर तीन-चार वर्षं इकडे तिकडे धरून चाला. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांपासून पुढे एक वेगळाच आजार दिसतो, जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली, कारण शाळा जूनमध्ये सुरू. तीच शाळेच्या दाखल्यावरून फौजेत. माझ्या हाताखालून एवढे १ जून गेलेत की त्या दिवशी अर्ध्या पलटणीचा वाढदिवस करावा लागला असता.

जातीच्या रकान्यावर एवढंच सांगतो कारण हल्ली कुणबी नोंदींच्या शोधात लोक फौजेचे कागद घेऊन येतात. तिथे ‘क्लास’ लिहिलेला असतो, दखनी मराठा, कोकणी मराठा, दखनी मुसलमान, असा. ती फौजेची वर्गवारी आहे, कंपन्या भरण्यासाठी केलेली. घरी कुणबी म्हणवणारा माणूस तिथे मराठा लिहिलेला असणं अगदी नेहमीचं. महारांची भरती तर १८९० च्या दशकात बंदच केली होती, १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली, पुन्हा महार रेजिमेंट आली १९४१ ला. त्या मधल्या काळात दार बंद असताना ज्याला आत जायचं होतं त्याने काय सांगितलं असेल याचा विचार करा. मी त्यांना दोष देणार नाही. फक्त त्या रकान्याला पुरावा म्हणू नका.

भाऊंनी विचारलंय की लंडनला अर्ज केला तर मूळ फाइल मिळेल का. इंग्रज अधिकाऱ्यांचं तिथे भरपूर आहे, हिंदी शिपायांच्या वैयक्तिक फाइली तिथे गेल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल, ते कागद पलटणीच्या डेपोत राहिले. पंजाबच्या लोकांचं नशीब जरा बरं, युद्धानंतर तिथे गाववार रजिस्टरं केली होती, ती लाहोरच्या म्युझियममध्ये टिकली, साधारण ३,२०,००० लोकांची, आणि २०२१ पासून त्यातले जालंधर, लुधियाना, सियालकोट असे काही जिल्हे ऑनलाइन आले. ती बघून आपले लोक विचारतात साताऱ्याचं कुठे आहे. आणि गोऱ्यांचं सगळं शाबूत आहे असंही समजू नका, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनला पहिल्या महायुद्धाच्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त फाइली जळाल्या, अमेरिकेत १९७३ ला सेंट लुईसला आग लागून १ कोटी ६० लाखांच्या वर फाइली गेल्या. अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धाची भरतीची यादी ऑनलाइन आहे, तिच्यात राहण्याचं ठिकाण राज्य आणि काउंटीपर्यंतच, जन्म तर नुसता राज्य किंवा देश. आपल्या शीट रोलवर निदान वाडी तरी सापडते कधीकधी.

तर तुमच्या केसमध्ये मी काय करेन. दोन खेडांपैकी तुमचं कुठलं हे सोडवायचं तर फौजेच्या कागदाला फौजेच्याच दुसऱ्या कागदाने तपासू नका, ते एकमेकांची नक्कल असतात, तीन कागदांवर ‘पूना’ असलं म्हणजे तीन पुरावे झाले नाहीत, एकाचीच तीनदा उतरवणी झाली. गावाकडून या. तहसीलमध्ये कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. मोडी लिपीत असेल, वाचणारा माणूस सोबत न्या, हल्ली कुणबी नोंदींमुळे मोडीवाल्यांना भाव आलाय पण मिळतात. १९१६-१७ नंतर जमिनीवर वारस म्हणून पंजीचं नाव लागलं असेल तर फेरफार निघेल, त्यात ‘लढाईत मयत’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय आणि त्याच्याइतका घट्ट पुरावा दुसरा नाही, कारण तलाठ्याला गाव चुकवून चालत नाही. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला कुणी श्राद्धाला गेलं असेल तर उपाध्यायांच्या वहीत गावासकट नावं मिळतील. घाटावरचं घर असेल तर हेळवी, म्हणजे घराण्याची वंशावळ वहीत ठेवणारा, येतो का विचारा, त्याच्या वहीत कधीकधी ‘लढाईला गेला’ एवढे दोन शब्द असतात.

गावात दगड आहे का तेही बघा. लढाईनंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या होत्या, या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरीला आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मारले गेले. पाटीवर नावं नसतात, आकडेच असतात, पण कोकणातल्या तुमच्या खेडच्या आसपासच्या गावात पाटी निघाली आणि मेलेल्यांचा आकडा एक किंवा दोन असला तर जुन्या माणसांना ते एक-दोन कोण हे ठाऊक असतं. चावडीची भिंत, शाळेची भिंत, देवळाच्या मागची बाजू बघा, रंगाखाली गेलेली असते.

आणि सगळ्यात आधी घरात मेडल आहे का शोधा, चांदीचं, गोल, देव्हाऱ्यात नाहीतर पंजीच्या ट्रंकेत. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गाव नसतं, पण तो नंबर मिळाला की मी कॉमनवेल्थच्या नोंदीशी लावून बघतो की तो खेड-पूनावाला तुमचा आहे तरी का, कारण मला अजून त्याचीच शंका आहे. कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा. आणि ब्रासोने घासू नका हो, अक्षरं आधीच झिजलेली असतात.